छाती चाळीस

दर शुक्रवारी आमच्या घरी लॉटरीचं जे तिकीट यायचं, त्यावरचे सहा आकडे कुठल्या साधूनं कानात सांगितलेले नव्हते. ती आमच्या छातीची मापं होती. शिंप्याच्या घरात माणूस नावानं नंतर आणि मापानं आधी ओळखला जातो. मी चव्वेचाळीस, लपवून काय करू. मास्तर, म्हणजे माझा नवरा, चाळीस. थोरला मुलगा बेचाळीस. सून चौतीस. धाकटी लेक बत्तीस. घरात माणसं पाच आणि तिकिटावर चौकोन सहा, म्हणून सहावा आकडा दुकानातल्या कापडी पुतळ्याचा, छत्तीस. आमच्यात तो एकटाच असा, की ज्याचं माप बदलत नाही आणि जो मला उलट बोलत नाही.

कोपऱ्यावरचा तिकीटवाला थोरल्याला दर वेळी हसायचा. म्हणायचा, सगळे आकडे सम, सगळे एकाच गल्लीतले, असं कधी लागतं का. मी निरोप पाठवला, की तुझे आकडे तू पंधरा वर्षं लावतोयस, आणि अजून त्याच खोक्यात बसून तिकिटं विकतोयस.

एकदा लावलेला आकडा बदलायचा नाही, हा नियम माझा. दोन वर्षांपूर्वी सून म्हणाली, आई, चौतीस माझं लग्नाच्या वेळचं माप, आता मी सदतीस आहे, आकडा खरा तरी लावा. मी म्हटलं, खाल्लंस तू, आकड्यानं का भोगावं? सगळे हसले, तीही हसली, आणि चौतीस चौतीसच राहिला. माझं हे बोलणं पुढं माझ्याच गळ्यात येणार आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर त्यालाही मी असंच एक ऐकवलं असतं.

आमचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावर पुढं दुकान आणि मागं घर. काम रखवालदारांच्या निळ्या शर्टांचं. कापायला मी, मोठ्या मशीनवर थोरला, काजं-बटणं सुनेकडे, इस्त्री आणि घडी धाकटीकडे. कॉलर मात्र मास्तरांची. कॉलर दुसऱ्या कुणाला जमत नाही असं नाही, पण त्यांच्यासारखी बसत नाही. असल्या कामात हात अडकलेले असतात आणि तोंडं मोकळी. म्हणून आम्ही खर्चाला बसायचो. खर्चाला बसणं म्हणजे, समजा लॉटरी लागली, तर एकानं एक डझन शर्ट होईपर्यंत सगळा पैसा खर्चून दाखवायचा. शिल्लक ठेवायची नाही. शिल्लक राहिली की ती पुढच्याच्या खर्चात जायची, म्हणून कंजूष माणूस या खेळात हरायचा.

थोरला वीस मशीनचा कारखाना टाकायचा आणि स्वतः काचेच्या खोलीत बसायचा. सून दोन खोल्यांचं घर घ्यायची, त्याच्या दाराला आतून कडी पाहिजे एवढंच तिचं म्हणणं. कडी कुणासाठी ते मला कळत होतं, मीही तिला दार मोठं घ्यायला सांगायचे, म्हणजे मला आत येता येईल. धाकटी दात सरळ करून घ्यायची आणि मग जिथं समोर बसून लोकांकडे बघून हसायचं असतं, तसली नोकरी करायची. मी ही सगळी इमारत विकत घ्यायचे आणि मशीनच्या आवाजाची तक्रार करणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाईला बाहेर काढायचे, आणि पुन्हा बोलावून दुप्पट भाड्यानं ठेवायचे. बाहेर काढण्यात मजा थोडी असते, ठेवण्यात जास्त.

मास्तर दर वेळी हरायचे. त्यांचा खर्च एकच. ते म्हणायचे, मी दुसऱ्याच्या दुकानात जाईन आणि एक कोट शिवून घेईन. चांगल्या लोकरीचा, आतून रेशमी अस्तर. मी हात पसरून उभा राहणार आणि माप कुणी दुसऱ्यानं घ्यायचं. चाळीस वर्षं मी लोकांपुढं वाकलो, एकदा माझ्यापुढं कुणीतरी वाकू दे. थोरला म्हणायचा, बाबा, एवढ्यानं लॉटरी संपत नाही. मास्तर म्हणायचे, मग उरलेली आईला दे, तिला भाडेकरू पाळायचाय.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी थंडी सरताना एका सकाळी मास्तर आरशासमोर कॉलरचं बटण लावत होते. बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी जागा दिसली. त्यांनाही दिसली. म्हणाले, कापड ताणलंय. मी म्हटलं, हल्ली हलकंच कापड येतं. दुपारी ते आडवे झाल्यावर मी त्यांचे चारही शर्ट काढले, कुशीच्या शिवणी उसवल्या आणि अर्धा इंच आत घेतले. कॉलरही लहान केली. का केलं म्हणाल, तर पहिल्या वेळी गर्वानं केलं. शिंप्याच्या अंगावर ढगळ शर्ट म्हणजे दुकानाची अब्रू गेली. आणि वरच्या मजल्यावरची बाई जिन्यावरून म्हणाली असती, मास्तरांना जेवायला घालता ना हो? तिला मी ती संधी देणार नव्हते.

तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा इंच. मग पाऊण. शर्ट झाले, पँटी झाल्या, पट्ट्याला मी आतून नवी भोकं पाडली आणि जुनी मेणानं बुजवली. आत घेतलेलं कापड मी कापलं नव्हतं, शिवणीत तसंच ठेवलं होतं. माणूस आजारातून उठतो, अंगात भरतो, मग उसवून शर्ट पुन्हा मोठा करता येतो. असं मी पन्नास गिऱ्हाइकांचं केलं होतं.

मास्तरांचे कपडे त्यांच्या अंगाला कायम बेतशीर बसत राहिले. घरात सगळे कपड्याकडे बघणारे. अंगाकडे कुणी बघितलंच नाही.

पोट दुखायला लागलं तेव्हा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं काट्यावर उभं केलं, पण आधीचं वजन कुणाला ठाऊक? शिंप्याच्या घरात वजन कोण करतं? म्हणून त्यानं साधा प्रश्न विचारला.

"कपडे सैल व्हायला लागलेत का?"

मास्तर ताठ बसले. म्हणाले, "माझे कपडे? बघा तुम्हीच. कुठं सुरकुती दिसते का?"

डॉक्टरनं बघितलं. शर्ट अंगाबरोबर होता. त्याच आठवड्यात सोमवारी मी तो आत घेतला होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिशवी, तोंडात जीभ. या जिभेनं मी दुकानाचे मालक पळवलेत, वसुलीवाले पळवलेत. त्या दिवशी ती हलली नाही. डॉक्टरनं पोट साफ व्हायची पूड दिली आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत मास्तर खूश होते.

खरं दुखणं सात महिन्यांनी कळलं. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आला असता तर कापून काढलं असतं. आता एकच औषध आहे, बाहेरून येतं, अठरा सुया घ्याव्या लागतात, अठराच्या अठरा. गुण येईलच असं नाही. त्यानं एका सुईची किंमत सांगितली, आणि थोरल्यानं ती त्याला दोनदा सांगायला लावली, जणू दुसऱ्यांदा कमी होणार होती.

त्या आठवड्यापासून खर्चाला बसणं बदललं. पहिल्या दिवशी तिघांनी सगळी लॉटरी बाबांवरच उडवली. अठरा काय, छत्तीस सुया घेतल्या. वेगळी खोली, खिडकीतून झाड दिसणारी. सुनेनं नर्स ठेवली, दिवसाची एक आणि रात्रीची एक. धाकटीनं त्यांना समुद्राची हवा खायला नेलं. मास्तर कॉलर उलटवता उलटवता म्हणाले, एवढं केलंत तर मला मरायला वेळच मिळणार नाही.

महिन्याभरानं म्हणणं असं झालं, की आधी बाबांच्या सुया, मग माझा कारखाना. आधी बाबांच्या सुया, मग कडीवालं घर. पुढं पुढं तो पहिला भाग इतका भरभर यायला लागला, की जेवायच्या आधी हात धुवावेत तसा. आणि एका मंगळवारी धाकटीची पाळी आली, ती इस्त्रीत रंगलेली, आणि तिनं सुरुवातच दातांपासून केली. दात, मग नोकरी, मग खोली, मग गुलाबी रंगाची गादी. डझन संपलं तरी सुया आल्या नाहीत. थोरल्याला कळलं नाही, सुनेला कळलं नाही. मी कात्री थांबवून मास्तरांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

ते म्हणाले, "दाताचा डॉक्टर नीट बघून घे हो. स्वस्तातला नको."

मग सगळ्यांनीच सोडलं. मी पोरांना दोष देत नाही. मशीन चालवणाऱ्याचा हात पुढं जातो, मागं नाही. पण जो पैसा आलेला नाही, येणार नाही, ज्यात कुणाच्या बापाचं काही जात नाही, त्यातूनही माणसावर खर्च करायचं कुणाला सुचेना, म्हणजे ते माणूस घरातून उठलंच म्हणायचं. ते तर समोर बसून कॉलर शिवत होते.

त्याच महिन्यात मास्तर म्हणाले, कुशीला काहीतरी टोचतंय. आत घेत घेत शिवणीत कापडाची जाड वळी झाली होती आणि ती उघड्या बरगडीवर घासत होती. मी म्हटलं, दोऱ्याची गाठ असेल, बघते. दुपारी शर्ट उलटा करून मी कात्री घेतली आणि आतलं सगळं कापड कापून टाकलं. चार शर्ट, आठ कुशी. मूठभर चिंध्या निघाल्या, त्या मी चिंध्यांच्या पोत्यात तळाशी कोंबल्या. कापलेलं कापड परत मोठं होत नाही. मोठा डॉक्टर तोंडानं जे म्हणाला ते मी त्या दिवशी हातानं म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी सातला टीव्हीवर सोडत असते. इस्त्रीच्या टेबलावर आमचा टीव्ही. आम्ही मशीनं थांबवत नसू, कानानं ऐकायचं. त्या शनिवारी पहिला गोळा बेचाळीस आला. थोरला म्हणाला, मी आलो. मग चौतीस. सून म्हणाली, बघा, माझं जुनं माप चालतंय अजून. मग चव्वेचाळीस आला आणि मशीनं बंद पडली. छत्तीस. पुतळ्याकडे सगळ्यांनी असं बघितलं, जणू तो आता बोलेल. बत्तीस. धाकटीनं इस्त्री तशीच शर्टावर ठेवली होती, जळका वास आला तरी कुणी उठलं नाही. पाच झाले होते. चाळीस राहिला होता.

सहावा गोळा नळीतून घरंगळत आला. पस्तीस.

टीव्हीवरची बाई हसून निरोप घेऊन गेली, तरी आम्ही तिकडेच बघत होतो. मग थोरल्याची नजर हळूहळू टीव्हीवरून बापावर आली. पहिल्यांदा त्यानं बापाला शर्टाच्या आत बघितलं. खांदे, गळ्याचा खड्डा, मनगटं. त्यानं गळ्यातला टेप काढला.

मी म्हटलं, "टेप खाली ठेव."

"एकदा बघू तर दे."

"बघून काय करशील? गेलेला गोळा परत येणाराय?"

"बाबा आता चाळीस आहेत का, सांग ना." त्याचा आवाज चिरकला. "पस्तीस असतील. पस्तीसच असतील. ही तेव्हाच म्हणाली होती, खरी मापं लावा. तुझ्या हट्टापायी गेलं सगळं, आई. अठरा सुया गेल्या. बाबा गेले."

मास्तर म्हणाले, "मी बसलोय अजून."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. धाकटीनं जळका शर्ट टेबलाखाली लपवला, जणू तेवढं लपवलं की झालं.

मी थोरल्याला एका शब्दात गप्प करू शकले असते. बाप पस्तीस नव्हता. पस्तीस तो उन्हाळ्यात कधीतरी होता, दोन-तीन आठवडे, आणि त्या आठवड्यांतून जसा आला तसा पुढं गेला. एकेक अर्धा इंच माझ्या हातातून गेलेला, मला टेप लागत नव्हता. खरं माप लावलं असतं तरी त्या शनिवारी आमचे पाचच आकडे जुळले असते. एवढं सांगितलं असतं की माझ्यावरचा आळ गेला असता. पण ते सांगायचं तर बापाच्या समोर आकडा तोंडातून काढायला लागला असता. मी आळ ठेवून घेतला. म्हटलं, हो, माझ्यामुळं गेलं. आता मशीनवर बस, सोमवारी माल द्यायचाय. तो बसला. तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला.

पाच आकड्यांचंही काही मिळतं. तिकीटवाल्यानं थोरल्याला बसायला स्टूल दिलं आणि पुन्हा हसला नाही. जे मिळालं त्यात एक सुई आली असती आणि दुसरीचा अर्धा भाग. मोठ्या इस्पितळात मी स्वतः विचारायला गेले. खिडकीतली बाई चांगली होती, ती म्हणाली, मावशी, अठराचा कोर्स आहे, एक घेऊन उपयोग नसतो. मी तिला उलट बोलले नाही, यावरून काय ते समजा.

घरी थोरला म्हणाला, काजाचं जुनं मशीन घेऊ, चांगलं मिळतंय. सून आतल्या बिनकडीच्या दाराकडे बघत होती. धाकटी ओठ मिटून बसली होती, दात झाकून. मी पिशवी उचलली आणि मास्तरांना म्हटलं, चला, कोट शिवायचाय. उरेल ते या तिघांनी वाटून घ्यावं, मला त्यातलं काही नको, माझे भाडेकरू राहू देत.

मास्तर म्हणाले, अगं, तो खेळ होता. मी म्हटलं, मग आजवर तुम्ही हरत होता, आज जिंका.

थोरलाही आला, बाप जिना उतरताना धरायला. मोठ्या रस्त्यावर एक दुकान आहे, दाराला पितळी मूठ, आत गालिचा. तिथला शिंपी पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या टोकाला, हात स्वच्छ. त्यानं कापडाची तीन थानं उलगडली. मास्तरांनी दोन बोटांत चुरगळून बघितलं, सोडलं, पुन्हा बघितलं, आणि गडद राखाडी निवडलं. मग ते आरशासमोर उभे राहिले आणि हात पसरले. हात पसरून माणूस किती लहान दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक दिसलं होतं, नवरा तसा उभा राहिलेला कधी दिसला नव्हता.

शिंपी वाकला. खांदा सांगितला, बाही सांगितली, टेबलाशी बसलेल्या माणसानं वहीत लिहून घेतली. मग त्यानं टेप काखेखालून फिरवला.

"छाती एकतीस," तो म्हणाला.

वहीवाल्या माणसानं लिहिलं. थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. पस्तीस नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, लॉटरी आईनं घालवली नाही म्हणून. मग ती सुटका कशातून आली ते त्याला कळलं, आणि तो दाराकडे तोंड करून उभा राहिला, पितळी मुठीवर हात ठेवून.

मास्तरांचे हात अजून पसरलेलेच होते. शिंपी म्हणाला, "शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतो काका. पुढं अंगात भरलात तर उसवून मोठा करता येईल."

"नको," मास्तर म्हणाले. आरशातून ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, कॉलर बसली की नाही ते बघतात तसं. "आत जाड होतं ते. बरगडीला टोचतं. आमच्या घरी कापून टाकतात."

मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवीत काही नव्हतं.

कोट अंगावर घालून बघायला तीन आठवड्यांनी बोलावलं होतं. तेव्हा त्यांना टॅक्सीतून न्यावं लागलं. कोट सुरेख झाला होता, मला त्यात खोट काढता आली नाही आणि मी प्रयत्न केला. पण मास्तरांच्या अंगावर तो लटकला. पाठीत घोळ, काखेत घोळ. शिंप्यानं चष्मा वर केला, वही काढून आकडे बघितले, पुन्हा कोटाकडे बघितलं. इतका चांगला कारागीर, त्याचे कान लाल झाले. म्हणाला, माफ करा काका, असं माझ्या हातून कधी होत नाही, माझं माप चुकलं, दोन दिवसांत आत घेऊन देतो. आणि पिना लावायला खाली वाकला.

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"तुमचं माप बरोबर होतं, मास्तर," ते म्हणाले. "असाच द्या."

तसाच घेतला. घरी येताना त्यांनी तो अंगावरच ठेवला, जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई भेटली तरी. तिनं बघितलं आणि भिंतीला लागून वाट दिली. मी दुकानात गेले, सुई-दोरा डब्यात टाकला आणि कापायला बसले. शुक्रवार होता. थोरल्यानं विचारलं, आई, तिकिटावर बाबांचा आकडा काय लावू?

मी म्हटलं, तिकीट आणू नकोस.